जुईच्या सीटचं बक्कल मी उघडलं

बक्कल धडकेनं उघडलं नव्हतं. ते मी उघडलं होतं. धडकेच्या आधी, शुद्धीत असताना, माझ्या हातानं.

हे आधीच लिहून टाकतो, कारण आमच्या भाऊबंदांत आणि सुनेच्या माहेरी अकोल्याला बरेच महिने वेगळीच गोष्ट फिरत होती. सुनेनं हौसेनं लहान मुलांची महागाची सीट आणली, त्या सीटनं ऐन वेळी दगा दिला, आणि म्हाताऱ्यानं पोरीला छातीशी धरलं म्हणून पोरगी वाचली, अशी ती गोष्ट. यातलं काहीच खरं नाही. सीट चांगली होती. सुनेनं बक्कल नीट लावलं होतं. पोरीच्या मांडीचं हाड मोडलं ते म्हाताऱ्याच्या मांडीवर.

तो म्हातारा मी. नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्याला आमचा झेंडू-शेवंतीचा मळा आहे, घर अमरावतीत. माझा मुलगा नितीन आता फुलांचा धंदा पाहतो. स्वाती त्याची बायको. कोचिंग क्लासला गणित शिकवते. आमच्याकडे सून सासऱ्याला मामाजी म्हणते, तशी ती मला म्हणते. जुई त्यांची मुलगी. हे घडलं तेव्हा तिला नुकतंच तिसरं वर्ष लागलं होतं.

हे छापून यावं असं घरातल्या काही जणांना वाटत नाही. त्यांनी वाचू नये.

उलटी बसलेली नात

सीट जुईच्या जन्माआधीच घरात आली होती. स्वातीनं दुकानदाराला गाडीपर्यंत आणलं, सीट आमच्याच गाडीत बसवून पाहिली आणि मगच घेतली. दिसायला छान असलेली सीट आपल्या गाडीत घट्ट बसेलच असं नसतं, हे तिचं म्हणणं. पुढे जुई मोठी झाल्यावर तिनं दुसरी, मोठी सीट घेतली. तेव्हाही वय विचारलं नाही. पोरीचं वजन केलं, उंची मोजली आणि सीटच्या बाजूला छापलेल्या आकड्यांशी ताडून पाहिली.

ही दुसरी सीटही तिनं गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करूनच लावली. धडक समोरून बसली तर लहान मुलाची मान आणि डोकं पाठीमागच्या टेकूवर सावरलं जातं, म्हणून जमेल तितके दिवस असंच बसवायचं असतं, असं तिनं मला समजावून सांगितलं. मी हसलो. आलेल्या-गेलेल्याला सांगायचो, "गाढवावर उलटं बसवतात ना, तशी सून माह्या नातीले बसवून राहिली." लोक हसायचे. स्वातीही हसायची, पण सीट फिरवायची नाही.

माझी बायको शांता हिनं जुन्या लुगड्याची गोधडी शिवून सीटमध्ये अंथरली होती. स्वातीनं ती उचलली. अंगाखाली जाड काही असलं की पट्टा वरून घट्ट दिसतो आणि आतून ढिला राहतो. थंडी असेल तर पट्टे लावून झाल्यावर वरून पांघरा, ती म्हणाली. शांताला ते लागलं. एका गोधडीवरून घरात चार दिवस अबोला होता. आणि मी, घरातला मोठा माणूस, सुनेच्या बाजूनं एक शब्द बोललो नाही. मला तेव्हा हे बायकांचं भांडण वाटलं.

आमच्या घरचा रिवाज

जावळ मामाच्या मांडीवर काढतात, हे सगळीकडेच आहे. आमच्या घरात त्यापुढे एक जास्तीचा रिवाज आहे. शेजारच्या घरातही तो नाही. जावळ झालं की पोराला घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या मांडीवरच परत आणायचं. घरी पोचून देव्हाऱ्यासमोर त्याचं डोकं टेकवेपर्यंत मांडीखाली उतरवायचं नाही. माझ्या आजोबांनी मला बैलगाडीतून तसं आणलं होतं. बैलगाडी किती वेगानं चालते, हा विचार मला त्या दिवशी सुचला नाही.

जुईचं जावळ अकोल्याला झालं. लग्नसराई होती, म्हणून नितीन फुलांच्या मागे अडकलेला. शांता गुडघ्यांमुळे आली नाही. परत निघालो तेव्हा गाडीत आम्ही तिघंच होतो. स्वाती चालवत होती. तिच्या मागच्या सीटवर मी आणि माझ्या शेजारी सीटमध्ये जुई. निघण्याआधी स्वातीनं पट्टे ओढून पाहिले. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता येतो का ते बघितलं. येत नव्हता, म्हणजे पट्टा घट्ट होता.

"मामाजी, रडली तरी काढू नका जी," ती म्हणाली.

मी हो म्हणालो. त्या होकाराला काही अर्थ नव्हता. वडीलधाऱ्यानं सुनेला दिलेला होकार आमच्याकडे तेवढ्यापुरताच असतो.

बोरगाव मंजू गाव मागे पडलं. जुईचं नवं टक्कल घामानं खाजत होतं, ती कुरकुरत होती. माझ्या मनात रिवाज घोळत होताच. पोरीचं तोंड मागे असल्यामुळे स्वातीला आरशात फक्त सीटची पाठ दिसत होती. हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी ते केलं. लाल बटण दाबलं, पोरीला उचललं, मांडीवर घेतलं. वर माझा पट्टा ओढून दोघांच्या अंगावरून लावला. मला वाटलं, रिवाजही पाळला आणि खबरदारीही घेतली. जुई लगेच गप्प झाली. तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

मग रस्त्यावर रोही आला. आमच्याकडे नीलगायीला रोही म्हणतात. स्वातीनं ब्रेक दाबला, गाडी रस्त्याखाली उतरली आणि नाल्यावरच्या मोरीच्या कठड्याला धडकली. स्वातीचं काही चुकलं नाही. त्या जागी कोणीही असता तर तेच झालं असतं.

आत मात्र काय झालं ते सांगतो, कारण हे प्रत्येक आजोबाला कळलं पाहिजे. माझं सगळं वजन मागून पुढे आलं. पट्टा पुढून आवळला. मध्ये पोरगी होती. मी तिला धरलं नाही. मी तिच्यावर पडलो.

"निघालं असन"

जवळच्या ढाब्यावरची माणसं धावत आली. त्यांनी आधी जुईला बाहेर काढलं, मग मला. स्वाती धडकेनं सुन्न झाली होती. तिनं मागे वळून पाहिलं तोवर पोरगी कोणा अनोळखी माणसाच्या हातात होती. त्यामुळे जुई कुठे बसली होती हे माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं.

आम्हाला परत अकोल्याला नेलं. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, मूल कसं बसलं होतं? स्वातीच्या ओठातून रक्त येत होतं. ती म्हणाली, सीटमध्ये, मी स्वतः बक्कल लावलं. डॉक्टरांनी जुईच्या मांड्यांवरून आडवा गेलेला काळानिळा पट्टा पाहिला. असा वळ त्या सीटमुळे पडत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या बरगड्या मोडल्या होत्या, श्वास पुरत नव्हता. पण खरं बोलण्यापुरता श्वास होता. मी तो वेगळ्या कामाला वापरला.

"निघालं असन," मी म्हणालो. "मी धरलं तिले."

डॉक्टरांनी पायाचा एक्स-रे काढला. मांडीचं हाड मोडलेलं होतं. हाड जुळेल, ते म्हणाले, पण पोटाला आतून मार आहे का हे आजच सांगता येणार नाही, लक्ष ठेवावं लागेल. पोट फुगतं का, उलटी होते का, पोरगी निपचित पडते का, हे पाहत बसायचं. त्या दिवशी आमच्या सगळ्यांचा जीव त्या एवढ्याशा पोटावर टांगलेला होता. नर्स यायची, बोटांनी पोट दाबून बघायची, आणि आम्ही तिच्या चेहऱ्याकडे बघायचो.

मला दुसऱ्या खोलीत ठेवलं होतं. स्वाती तिथे आली. पलंगाशी उभी राहिली. हळू आवाजात तिनं विचारलं, "मामाजी, खरं सांगा जी. बक्कल लावताना कट् आवाज आला होता ना? मले तर आठवून राहिला. पण आता वाटते, आला नसन."

आवाज आला होता. मी ऐकला होता.

मी म्हणालो, "गडबडीत राहते एखाद्या वेळी."

डॉक्टरांशी बोललो ते भीतीपोटी, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. या वाक्याला ते कारणही चालत नाही. ती मला सुटका मागत होती आणि मी तिच्या गळ्यात माझा गुन्हा अडकवला.

प्लास्टर

पोटाचं संकट टळलं. जुईला प्लास्टर घातलं. एवढ्या लहान मुलाच्या मांडीचं हाड मोडलं की नुसत्या पायाला प्लास्टर पुरत नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं. छातीखालपासून एका पायाच्या बोटांपर्यंत आणि दुसऱ्या पायाच्या गुडघ्यापर्यंत पांढरा चुना. पाय फाकलेले, मध्ये आडवी दांडी. लंगोटासाठी तेवढी जागा सोडलेली. पोरगी बसू शकत नव्हती, कुशीवर वळू शकत नव्हती. तिला दोघांनी मिळून उलटायचं. दांडीला धरून उचलायचं नाही, हे नर्सनं सगळ्यांना बजावलं होतं.

ज्यांच्या घरात असं प्लास्टर आलं असेल त्यांना सांगतो, पहिले दिवस अशक्य वाटतात आणि मग घर शिकतं. लंगोट आत खोचून वर दुसरा मोठा लावायचा. जेवताना छातीपाशी फडकं ठेवायचं, नाहीतर भाताची शितं आत जातात आणि खाज सुटते. आत काडी घालून खाजवायचं नाही. वाळ्याचा पंखा घेऊन बाहेरून वारा घालायचा. उन्हाळा होता, शांता तासन् तास वारा घालत बसायची.

जुईनं मात्र त्यात खेळ शोधला. ती प्लास्टरवर टकटक करायची आणि विचारायची, "कोन हाय?" ज्यानं-त्यानं आपलं नाव सांगायचं. माझा आवाज तिला जास्त हवा असायचा. मोडक्या बरगड्यांनी "आबा हाय" म्हणताना कळ यायची. मी दर वेळी म्हणायचो.

अकोल्याहून अमरावतीला आणतानाचा एक प्रसंग सांगायला हवा. असं प्लास्टर घातलेलं मूल साध्या सीटमध्ये मावत नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की रुग्णवाहिकेतून, झोपवून, पट्टे बांधून न्या. माझा धाकटा भाऊ श्रीधर आपली गाडी घेऊन आला. म्हणाला, कायले उगाच खटाटोप, मागच्या सीटवर दोघांच्या मांडीवर आडवी घेऊ, हळू हळू जाऊ. सगळ्यांना पटलं. मी उठून बसलो आणि नाही म्हणालो. श्रीधरला वाटलं, धसका घेतलाय भाऊनं. मी रुग्णवाहिका येईपर्यंत जिन्यात उभा राहिलो, पोरीला कोणाला उचलू दिलं नाही. खरं बोलायची हिंमत अजून आली नव्हती, पण एवढी तरी आली होती.

भेटायला येणारे

घरी माणसांची रीघ लागली. केळी, मोसंबी, आणि प्रत्येकाची एकेक गोष्ट. आमच्या पोरांना कधी सीट लागली नाही, ती काय मोठी झाली नाहीत? श्रीधरची बायको कुसुम जुईच्या उशाशी बसून म्हणायची, शिकलेल्या बायांच्या हौसा, दुसरं काय. मग माझ्याकडे बघून हात जोडायची. भाऊजींमुळे लेकरू राहिलं. मी मान खाली घालायचो. लोकांना तो माझा नम्रपणा वाटायचा.

स्वातीनं गाडी सोडली. किल्ली नितीनला देऊन टाकली. क्लासला ऑटोनं जाऊ लागली, मग क्लासही बंद केले. एका दुपारी पलीकडच्या खोलीतून नितीनचा आवाज आला. "एक बक्कल लावता नाही आलं तुले." त्याचं उत्तर माझ्याकडे होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी मळ्यातून घरी आलो तर स्वाती मागच्या ओसरीवर जमिनीवर बसलेली. समोर ती सीट. गाडी दुरुस्तीला गेली तेव्हा काढून आणलेली. ती बक्कल लावत होती. कट्. मग दोन्ही हातांनी पट्टा ओढत होती. उघडत नव्हतं. पुन्हा बटण दाबून सोडवायची, पुन्हा लावायची. कट्. ओढायची. हे ती पहिल्यांदा करत नव्हती, हे तिच्या हातांवरून दिसत होतं. तिच्या बोटांना वळ पडले होते.

मी म्हणालो, "ते ओढून नाही निघत स्वाती. मी काढलं होतं. जुई माह्या मांडीवर होती."

तिनं बटणावर अंगठा ठेवला आणि माझ्याकडे बघत दाबला. पट्टे सुटले.

"किती जोर लागते पाहिलं मामाजी? चुकून नाही दबत हे."

"नाही. चुकून नाही दाबलं."

"अन् दवाखान्यात मी विचारलं होतं तुमाले."

"हो."

ती उठली, हात धुतले आणि जुईला भरवायला आत गेली. पुढे कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरतंही बोलली नाही. ताट वाढायची आणि निघून जायची. तो अबोला मला हवा होता असं म्हणणार नाही, पण तो माझ्या हक्काचा होता.

त्याच दिवशी जेवताना नितीनला आणि शांताला सांगितलं. नितीन ताटावरून उठला, स्वातीच्या खोलीपर्यंत गेला आणि दारातच उभा राहिला. शांता म्हणाली, झालं ते झालं, आता घरातलं घरात राहू द्या, तुमची इज्जत आहे. मी म्हणालो, इतके दिवस घरात जी इज्जत खर्च झाली ती स्वातीची होती. माझी अजून जशीच्या तशी शिल्लक आहे. ती खर्च करायची वेळ आली.

विळा

पण लगेच सगळ्यांना सांगितलं असंही नाही. मध्ये एक गोष्ट घडली. श्रीधरच्या मुलाला मुलगा झालेला. श्रीधर आला आणि म्हणाला, ती सीट पडूनच आहे तर आमाले द्या. स्वाती म्हणाली, धडक बसलेली सीट परत वापरायची नसते. वरून धड दिसली तरी आतून कुठे तडकली असेल ते समजत नाही. श्रीधर हसला आणि सीट उचलू लागला.

मी फुलांच्या कामाचा विळा आणला आणि सीटचे सगळे पट्टे कापले. कोणी कचऱ्यातून उचलून वापरू नये म्हणून.

"भाऊ, डोस्कं फिरलं काय तुमचं?"

मी काही बोललो नाही. तिथे चुकलो. श्रीधरनं बाहेर जाऊन सांगितलं, सीट इतकी भिकार होती की भाऊनं संतापून तोडली. माझ्या त्या कृतीनंही दोष स्वातीच्याच पदरात पडला. तेव्हा कळलं की गप्प राहून काही दुरुस्त होत नसतं.

नवी सीट

प्लास्टर निघालं. पाय काटकीसारखा झाला होता, कातडी सोलून निघत होती. जुई त्या पायावर वजन द्यायला तयार नव्हती. भिंतीला धरून उभी राहायची आणि खाली बसायची. दुखत नाही, भीती वाटते, असं डॉक्टर म्हणाले. जबरदस्ती करू नका. आम्ही केली नाही. एके सकाळी मी अंगणात हार ओवत बसलो होतो, ती शेवंतीसाठी चालत आली. थोडी लंगडत. फूल घेतलं आणि गेली. मी कोणाला हाक मारली नाही. हाक मारली असती तर ती थांबली असती.

नवी सीट घ्यायला मी स्वातीबरोबर गेलो. तिनं बोलावलं नव्हतं, मीच गाडीत जाऊन बसलो. गाडी नितीन चालवत होता. दुकानदार रंग दाखवत होता. मी म्हणालो, सरकारी प्रमाणाचा शिक्का दाखवा आणि सीट बाहेर आणून गाडीत बसवून द्या.

"काका, आजपर्यंत कोणीच असं मागितलं नाही."

"मग आज मी मागून राहिलो."

आणली त्यानं. एक हालत होती, परत पाठवली. दुसरी गाडीच्या सीटच्या खाचेतल्या लोखंडी कड्यांना पक्की बसली. बुडापाशी धरून हलवली तर बोटभरही सरकली नाही पाहिजे, हे मी त्या दिवशी शिकलो. पुढच्या सीटवर, जिथे समोर एअरबॅग आहे तिथे, उलट्या तोंडाची सीट कधीच लावायची नाही, हेही. आणि कोणाची जुनी सीट घ्यायची झाली तर ती धडकेतून गेलेली नाही याची खात्री नसताना घ्यायची नाही. हे सगळं सीटबरोबरच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. ती पुस्तिका आमच्या घरात पहिल्या सीटपासून होती. मी तिच्यावर चष्म्याचं घर ठेवायचो.

जुई सीटमध्ये बसायला पहिल्या दिवशी रडली. स्वाती शेजारी बसली, गाडी घराच्या फाटकातच उभी ठेवून तिनं गाणी म्हटली. रोज थोडं थोडं. मग फाटकाबाहेर. मग चौकापर्यंत. पण स्वाती स्वतः चालवायला बसली नाही. कोणी विषय काढला की म्हणायची, नको, मी मागं जुईजवळ बसते.

अचलपूर

श्रीधरच्या नातवाचं जावळ अचलपूरला त्याच्या मामाकडे होतं. आम्ही सगळे गेलो. आहेर म्हणून मी त्या बाळासाठी त्याच्या मापाची सीट घेतली होती. श्रीधरनं खोकं पाहिलं आणि चांदीच्या वाटीची वाट पाहत असल्यासारखा चेहरा केला.

जावळ झालं, जेवणं झाली. निघायच्या वेळी दोन्हीकडची माणसं गाड्यांपाशी जमली. कुसुमनं नातवाला नवं टोपडं घातलं आणि माझ्या हातात दिलं. घरातला मोठा मी. श्रीधरनं आपल्या गाडीचं पुढचं दार उघडून धरलं.

मी बाळाला त्याच्या आईकडे परत दिलं.

"मी याले मांडीवर नेणार नाही. हा रिवाज गाडीत चालत नाही."

सगळे हसले, त्यांना गंमत वाटली. श्रीधर म्हणाला, "भाऊ, तुमच्या हातानं जुई वाचली. तुमच्याच मांडीवर जाईन हा."

"वाचली नाही, मोडली," मी म्हणालो. "बक्कल निघालं नव्हतं. हाच रिवाज पाळाले मी तिले सीटमधून काढलं होतं. स्वातीनं बक्कल बरोबर लावलं होतं. मी खोटं बोललो."

मामाच्या घरची माणसं जमिनीकडे बघू लागली. कुसुम जवळ आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "भाऊजी, एवढ्या लोकांत सांगाची गरज होती काय?"

"एवढ्या लोकांतच तिले दोष देला होता तुमी. मी आयकत होतो."

श्रीधरचा आवाज चढला. पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं तुम्ही मोडणार काय? देवाला काय सांगायचं? मी म्हणालो, देवाला सांगायचं काम माझं. फाटकापासून देव्हाऱ्यापर्यंत मी त्याला कडेवर नेईन, तेवढा रस्ता माझ्या पायांनी चालायचा आहे. मधला रस्ता गाडीचा आहे, तिथे माझं मोठेपण चालत नाही. ज्याला रिवाज गाडीतच पाळायचा असेल त्यानं आजपासून मला घरातला मोठा समजू नये. आणि बाळ मांडीवर बसलं तर मी या गाडीसमोरून हलणार नाही. मी खरोखरच गाडीच्या पुढे जाऊन उभा राहिलो. सत्तरी ओलांडलेला माणूस बॉनेटला टेकून उभा, हे शोभत नव्हतं. न शोभू दे.

शेवटी बाळाची आईच बोलली. आजवर ती सासऱ्यासमोर बोललेली मी ऐकली नव्हती. "मी मोठ्या मामाजींच्या गाडीत बसते. याले सीटमधी बसवते."

मी खोकं उघडलं आणि आमच्या गाडीच्या मागच्या बाजूला, जुईच्या सीटच्या पलीकडे, नवी सीट बसवायला लागलो. जुईला नितीननं आधीच बसवलं होतं. ती आपल्या सीटमधून माझ्याकडे बघत होती. बाहेर श्रीधर गाडीत बसून वाट पाहत होता, बाकीच्या गाड्या चालू झालेल्या.

स्वाती इतका वेळ दूर उभी होती. ती आली. माझ्याकडे बघितलं नाही. नितीनपुढे हात केला आणि किल्ली मागितली. नितीननं दिली. किल्ली मुठीत धरून ती माझ्या बाजूच्या दाराशी वाकली, दुसऱ्या हातानं बाळाची सीट बुडापाशी धरली आणि जोरात हलवली.

मागून श्रीधरनं हॉर्न दिला. तिनं वळून पाहिलं नाही.

"ढिली आहे, मामाजी. परत लावा."

मी परत लावली.